घरचें सौरयंत्र आणि तारेची जाडी

लातूर-नांदेड रस्त्यावरील आमच्या चाकुरांत हल्लीं कित्येक घरीं सौरयंत्राची चर्चा ऐकूं येते. २०२४ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना निघाल्यापासून तर हा विषय सासू-सुनांच्या बोलण्यांतही शिरला आहे. पॅनेल कोणत्या कंपनीचें, बॅटरी किती वर्षें टिकेल, अनुदान किती, ह्याची चौकशी सर्व जण करितात; परंतु पॅनेलापासून बॅटरीपर्यंत जाणारी तार किती जाडीची घ्यावी, हें विचारणारा गृहस्थ आम्हांस क्वचितच भेटला. तार ती काय, दुकानदार देईल ती, असा सामान्य समज!

आमच्या भागांतील जुने वाडे माळवदाचे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि वर मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत असल्या मातीच्या व दगडांच्या भाराखालीं किती माणसें गाडलीं गेलीं, हें ह्या जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. माळवदावर आणखी ओझें चढवूं नये, म्हणून पुष्कळ जण परसांत लोखंडी मांडणी उभी करून तीवर पॅनेलें बसवितात. हें शहाणपणाचेंच होय. परंतु त्यामुळें परसापासून सोप्यांतील बॅटरीपर्यंतचें अंतर सहज २० मीटर होतें, आणि गणित बिघडतें तें येथेंच.

ह्या गणिताचा जनक जर्मनींतील गेओर्ग ओहम. तोही आमच्याच पेशांतला. शाळेंत गणित शिकवी. १८२७ सालीं त्यानें आपला नियम प्रसिद्ध केला तेव्हां स्वदेशांत त्याची उपेक्षाच झाली. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें कॉप्ले पदक दिलें, तेव्हां कोठें त्याचें चीज झालें. नियम असा, कीं प्रवाह जितका अधिक व तारेचा रोध जितका अधिक, तितका दाब वाटेंतच खर्ची पडतो. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारें ०.०१७५ ओहम. लांबी दुप्पट तर रोध दुप्पट, छेद दुप्पट तर रोध निम्मा. मात्र प्रवाहास जावयाचें असतें तसें परतावयाचेंही असतें. म्हणून २० मीटर अंतरास ४० मीटर तार धरावी.

आतां उदाहरण घेऊं. १६५ वॅटचीं दोन पॅनेलें, प्रत्येक सुमारें १८ व्होल्ट व ९ अँपियर देणारें, समांतर जोडलीं म्हणजे १८ व्होल्ट व १८ अँपियर झाले. त्यांस घरच्या फिटिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तार लाविली. रोध ०.२८ ओहम, त्यास १८ नें गुणिलें म्हणजे ५ व्होल्ट वाटेंतच गेले! उरले १३. बारा व्होल्टांची शिशाची बॅटरी पुरती भरावयास साडेचौदांच्या आसपास लागतात. त्यांतून वैशाखांत पॅनेल तापलें कीं त्याचा स्वतःचा दाब उतरतो, आणि तार ६० अंशांपर्यंत तापली तर तिचा रोध सुमारें १५ टक्क्यांनीं चढतो. मग प्रवाह रोडावतो, दिवस मावळतो, आणि बॅटरी रोजच्या रोज अर्धपोटीं राहते. अशी बॅटरी लवकर मरते व दोष येतो बॅटरीवाल्यावर. घरांत हें कळतें तें रात्रीं. वीज जाते, आणि दहावी-बारावीच्या मुलाचा दिवा नवाच्या आंतच मंदावतो. ज्या जिल्ह्याचा अभ्यासाचा ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, तेथें ही कांहीं लहान गोष्ट नव्हे.

दाबाची घट तीन टक्क्यांच्या आंत राखावी, असा चांगला प्रघात आहे. वरील जोडणींत त्यासाठीं २३ चौरस मिलिमीटर, म्हणजे बाजारांतली २५ ची, करंगळीएवढी जाड तार लागेल. ती कोणास परवडणार? परंतु तींच पॅनेलें एकापुढें एक जोडलीं तर दाब ३६ व प्रवाह ९ होतो. लागणारा छेद एकदम चौथाईवर येतो, आणि ६ ची तार जवळजवळ पुरते. अंतर वाढण्याचा संभव असल्यास १० ची घ्यावी. मात्र बॅटरी मग २४ व्होल्टांची हवी, अथवा नियंत्रक एमपीपीटी जातीचा हवा. आमचें मत असें, कीं तार जाड करण्यापूर्वीं दाब वाढवितां येतो कीं काय तें पाहावें.

दुकानांत ‘चार एमएम’ म्हणतात तो व्यास नव्हे, छेदाचें क्षेत्रफळ होय. चार चौरस मिलिमीटरच्या एकसंध तारेचा व्यास सव्वादोन मिलिमीटरच भरतो. जुने कारागीर ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ म्हणत, म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, २० गेजच्या सात. गेजांत आंकडा वाढला कीं तार बारीक होते, ही गंमत लक्षांत असूं द्यावी. ॲल्युमिनियमची तार स्वस्त खरी, पण तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक.

दाबाइतकाच उष्णतेचाही विचार हवा, कारण आमच्या वाड्यांतून तुळया लाकडाच्या. साधें पीव्हीसीचें वेष्टण उन्हानें तडकतें. उघड्यावर खास सौर केबलच वापरावी. घरची वीज सेकंदांत १०० वेळां शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी विझते. पॅनेलाचा प्रवाह एकदिश असल्यानें ठिणगी पेटली कीं पेटतच राहते. सबब खटका एकदिश प्रवाहासाठीं केलेलाच असावा, आणि फ्यूज बॅटरीच्या धन अग्राशेजारीं बसवावा.

सूर्यघर योजनेंतील ३ किलोवॅटच्या यंत्रास ७८,००० रुपये अनुदान आहे. तेथें सहा मोठीं पॅनेलें एका माळेंत असतात, दाब अडीचशें व्होल्टांच्या घरांत जातो, आणि २० मीटरला ४ ची तार लाविली तरी घट एक टक्क्याहून कमी राहते. पण तो दाब प्राणघातक आहे. त्याला हात परवानाधारकानेंच लावावा. शिवाय बॅटरीवांचून असलेलें हें यंत्र गांवची वीज गेली कीं स्वतःही थांबतें. तेव्हां रात्रीच्या दिव्यापुरती लहान बॅटरी व तिची तार ह्यांचें गणित घरोघरीं करावेंच लागेल.