चित्र स्वच्छ, शब्द गहाळ

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीला वडीलबंधूंकडे गेलो होतो. दादांना अलीकडे ऐकू कमी येते. पडद्यावरील संवाद वाचता यावेत म्हणून नवा टीव्ही आणायचे ठरले. १९२० बाय १०८० की ३८४० बाय २१६०, यावर घरात आठवडाभर खल झाला आणि चौपट ठिपक्यांची सरशी झाली. नटाच्या मिशीचा केस न् केस दिसू लागला. पण तो बोलतो काय, हे दादांना कळेना!

रिमोटवरचे 'सीसी'चे बटण दाबून दाबून अंगठा दुखला. गोम निराळीच होती. अमेरिकेत १९८० साली ही सोय सुरू झाली, तेव्हा अक्षरे चित्रसंकेताच्या २१व्या अदृश्य ओळीत दडून येत. एचडीएमआयची तार चित्र व आवाज आणते, ती दडलेली अक्षरे नव्हे. ती केबलच्या डब्यानेच चित्रावर उमटवावी लागतात. डब्याच्या यादीत पाच पायऱ्या उतरलो, तेव्हा ती कळ सापडली.

त्या रात्री विनोदी मालिकेत दादा सर्वांबरोबर हसले.

"भावजी, किती दिवसांनी हो!" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या.

वाचकहो, ठिपके जरूर मोजा. पण शब्द कुठे मिळतात, हे दुकानदाराला आधी विचारा!