कडब्यात अडकलेली ताकद

ज्वारीचा कडबा, धानाचा पेंढा, गव्हाचा भुसा. हिरवा चारा संपला की गोठ्याची सारी मदार याच वैरणीवर असते. गव्हाण भरलेली असते, गाय तासन्‌तास रवंथ करते, तरी अंगी फारसं लागत नाही.

वैरणीत ऊर्जा नसते असं नाही. तिच्यातलं सेल्युलोज हे ग्लुकोजच्याच रेणूंचं बनलेलं असतं. पण पीक जून होईल तसं सेल्युलोजभोवती लिग्निन साचत जातं, विटांमधल्या सिमेंटसारखं घट्ट.

सेल्युलोज तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, गायीच्या शरीरात तयार होत नाही. ते काम तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, सूक्ष्मजीव करतात. त्यांत जीवाणू आणि आदिजीव आहेत हे ठाऊक होतं. मेंढीच्या कोठीपोटात चारा पोहोचताच संख्येने झपाट्याने वाढणारे शेपटीवाले जीवही आदिजीवच समजले जात. १९७५ मध्ये इंग्लंडचे शास्त्रज्ञ कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवलं, की ते बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत. ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशी तेव्हा अनेकांना पटेना. पुढे तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन सापडलं आणि शंका मिटली. या बुरशीचं नाव नियोकॅलिमॅस्टिक्स.

तिचं काम पाहण्यासारखं आहे. बीजाणू चाऱ्याच्या तुटलेल्या कडेला चिकटतो, शेपट्या टाकून देतो आणि मुळांसारखे तंतू आत घुसवतो. तंतू वाढताना काडी आतून उकलते, सोबत विकरंही पाझरतात. चाऱ्याच्या उघड्या पडलेल्या तंतूंवर मग जीवाणूही तुटून पडतात.

चारा पचावा म्हणून विकरं बाहेरूनही दिली जातात; ती बहुधा दुसऱ्या बुरशीची असतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी लष्कराचं सुती कापड कुजवणारी ट्रायकोडर्मा आज कारखान्यांत सेल्युलेज आणि झायलनेज बनवते. ही विकरं खाऊ घालण्याआधी चाऱ्यावर शिंपडली, तर ती तंतूंना चिकटतात आणि कोठीपोटात अधिक काळ टिकतात. तरीही काही प्रयोगांत दूध वाढलं, काहींत फरक पडला नाही. मात्रा, चारा आणि विकर यांचा मेळ बसावा लागतो.

लिग्निनचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ते तोडणाऱ्या लॅकेजसारख्या विकरांना ऑक्सिजन लागतो आणि कोठीपोटात तो जवळपास नसतोच. म्हणून हे काम पोटाबाहेरच उरकावं लागतं. दक्षिण चिलीच्या ओल्या जंगलांत बुरशीने लिग्निन खाल्लेले ओंडके गुरं आवडीने खातात. पेंढ्यावर अशी बुरशी वाढवली, तर ती सेल्युलोजचाही काही भाग फस्त करते. त्यामुळे बुरशी बाजूला ठेवून फक्त तिची विकरं वापरण्याचा पर्याय पुढे आला. बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेत त्यावर संशोधन झालं आहे.

पावसात भिजून काळी-हिरवी बुरशी चढलेला कडबा मात्र याच्याशी जोडू नये. त्या बुरशीत विषारी द्रव्यं असू शकतात. तो गुरांपुढे टाकूच नये.