आधी पवित्रा, मग फटका

विटी-दांडू खेळायला उतरलेल्या पोराला पहिल्याच डावात एक गोष्ट कळते. विटीच्या फार जवळ उभं राहिलं तर दांडू जमिनीवर आपटतो, फार लांब राहिलं तर तो नुसता चाटून जातो. मग ते पोर मागे-पुढे सरकतं, पाय रोवतं, दांडूवरची मूठ खाली-वर करून पाहतं. जोराचा विचार त्यानंतर. अमरावती-अकोल्याकडे कुणी विटी म्हणतं, कुणी इटी, कुणी गिल्ली. पण आधी जागा नि मग टोला, हा क्रम सगळ्यांना ठाऊक असतो.

वऱ्हाडातल्या बहुतेकांची गोल्फशी ओळख टीव्हीपुरतीच. पण चेंडू कुठे ठेवावा आणि हात कुठे असावेत, या प्रश्नावर या खेळात जेवढी मोजमापं झाली आहेत, तेवढी क्वचितच दुसऱ्या खेळात झाली असतील. ती समजून घेतली की आपल्या मैदानावरच्या टोल्याचंही गणित उलगडतं.

अर्ध्या मिलिसेकंदाची भेट

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. फटका बसतो तेव्हा क्लबचं, म्हणजे गोल्फच्या काठीचं, डोकं आणि चेंडू यांचा स्पर्श सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो, म्हणजे एका सेकंदाचा दोन हजारावा भाग. त्या धक्क्याची खबर हाताच्या नसांमधून मेंदूपर्यंत पोचायला किमान २० मिलिसेकंद लागतात. चेंडू सेकंदाला ६० मीटर वेगाने निघाला असेल, तर तोवर तो मीटरभर पुढे गेलेला असतो.

याचा अर्थ सरळ आहे. फटका बसत असताना तो सुधारता येत नाही. क्लब वरून खाली यायला जेमतेम पाव सेकंद लागतो, त्यातही फारसा फेरफार जमत नाही. चुकीला जागा द्यायची की नाही, हे खेळाडू चेंडूसमोर शांत उभा असतो तेव्हाच बरंचसं ठरतं.

वर्तुळाचा तळ

फिरणारे हात आणि क्लब मिळून एक मोठं वर्तुळ काढतात. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत त्याचा मध्य ढोबळमानाने डाव्या खांद्यापाशी असतो आणि वर्तुळाचा तळ त्या खांद्याच्या साधारण खाली येतो. सोयीसाठी हे वर्तुळ उभं आहे आणि त्याची त्रिज्या दीड मीटर आहे असं धरू. तळाच्या १० सेंटिमीटर अलीकडे क्लब जमिनीपासून फक्त ३ मिलिमीटर वर असतो आणि सुमारे ४ अंशांनी खाली उतरत असतो. २० सेंटिमीटर अलीकडे तो सव्वा सेंटिमीटरहून थोडा जास्त वर असतो आणि उतार जवळपास ८ अंशांचा होतो. चेंडू वीतभर इकडे-तिकडे झाला की फटक्याची जातच बदलते, ती यामुळे.

म्हणूनच आयर्न या लोखंडी क्लबने हिरवळीवरचा चेंडू मारताना तो दोन पायांच्या साधारण मध्यावर घेतात. क्लब उतरता उतरता आधी चेंडूला भिडतो, मग तळ गाठतो आणि चेंडूच्या पुढची माती उडवतो. उडालेलं ढेकूळ चेंडूच्या जागेच्या पुढचं असेल तर फटका चांगला. मागचं असेल तर क्लबने आपला जोर आधीच जमिनीत घालवलेला असतो.

लांबच्या फटक्याच्या ड्रायव्हर या क्लबचं उलट. चेंडू टी नावाच्या खुंटीवर उचललेला असतो आणि तो डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत घेतात. शरीर किंचित मागे कललेलं असल्याने तळही थोडा मागे सरकतो. क्लब तळ ओलांडून वर चढू लागतो तेव्हा चेंडू भेटतो, आणि कमी गिरकी घेऊन दूर जातो.

प्रत्यक्षात हे वर्तुळ उभं नसतं, घराच्या छपरासारखं तिरकं असतं. तळाकडे येताना क्लब खेळाडूच्या शरीरापासून बाहेर जात असतो, तळ ओलांडला की पुन्हा आत वळतो. त्याच वेळी क्लबचा चेहरा, म्हणजे चेंडूला भिडणारी बाजू, उघडा असतो तो मिटत जातो. चेंडू फार मागे ठेवला तर तो उजवीकडे सुटतो, फार पुढे ठेवला तर डावीकडे. दिशेतल्या १ अंशाच्या चुकीने २०० मीटरवर चेंडू साडेतीन मीटर बाजूला पडतो.

हातांची जागा

७ नंबरच्या आयर्नचा दांडा साधारण ९४ सेंटिमीटरचा असतो. चेंडू जागेवर ठेवून हात ८ सेंटिमीटर पुढे नेले, तर दांडा ५ अंशांनी पुढे झुकतो आणि क्लबच्या चेहऱ्याचा तिरपेपणा तेवढाच कमी होतो. चेंडू खालून, जोरात जातो. हात चेंडूच्या मागे राहिले की तो उगाच वर चढतो आणि अलीकडे पडतो. म्हणून आयर्नला हात चेंडूच्या किंचित पुढे असतात, तर ड्रायव्हरला जवळपास सरळ रेषेत.

मुठीचंही तसंच. डावा हात वर, उजवा खाली. वरून पाहिल्यावर डाव्या मुठीचे दोन-तीन उंचवटे दिसावेत. मूठ उजवीकडे जास्त वळली तर क्लबचा चेहरा लवकर मिटतो आणि चेंडू डावीकडे ओढला जातो. घट्ट आवळलेली मूठ मनगटाचा वेग खाते, हे कुऱ्हाडीने लाकूड फोडणारालाही ठाऊक असतं. तोसुद्धा आधी अंतर घेतो, ओंडका हलवून पाहतो, मगच कुऱ्हाड उचलतो.

आता विटीकडे पाहू. तिची दोन्ही टोकं निमुळती असतात, म्हणून ती पोटावर टेकलेली आणि टोकं अधांतरी. टोकावर टोला बसला की पोट टेकूचं काम करतं, दुसरं टोक उसळतं आणि विटी फिरत वर येते. हवेतला दुसरा टोला तिच्या मध्याजवळ बसला तर जोर पुढे जाण्यात लागतो, टोकाला बसला तर गिरक्या घेण्यात वाया जातो. वकट, लेंड, मूंड, नाल या जुन्या मोजणीत तर प्रत्येक आकड्याला विटी ठेवायची शरीरावरची जागाच वेगळी. हे शब्द तेलुगू आकड्यांशी जुळतात आणि जागा गावागणिक बदलतात. पायावरून मारायची की मुठीवरून, त्याप्रमाणे पोरं पवित्रा बदलतात. चेंडूची जागा बदलली की फटका बदलतो, हा गोल्फचा धडा त्यांनी खेळता खेळता गिरवलेला असतो.

क्रिकेटमध्ये चेंडू स्वतः चालून येतो. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजाकडे अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर पोचतो, आणि तेवढ्यात पावलं हलवून भेटीची जागा ठरवावी लागते. अमरावतीच्या जितेश शर्माने २७ मे २०२५ रोजी लखनौत ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या, तेव्हा ही निवड त्याला प्रत्येक चेंडूला नव्याने करावी लागली. गोल्फचा चेंडू थांबलेला असतो, ती निवड सावकाश करता येते. एवढी सवलत मिळूनही खेळाडू चुकतात, कारण घाई फटक्याची असते.

याच अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. लाठी असो वा पट्टा, आखाड्यात वाराच्या आधी पवित्रा शिकवतात. ती शिस्त जुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आधुनिक यंत्रांनी मोजलेलं सत्य तिच्याशी जुळतं.

एक प्रयोग करून पाहावा. काळ्या मातीच्या मोकळ्या मैदानात फक्कीची एक रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मध्ये येईल असं उभं राहा आणि चेंडू न ठेवता दांडू फिरवून जमिनीला हलकेच घासू द्या. दहा वेळा केल्यावर मातीवरचे ओरखडे पाहा. ते रेघेच्या एकाच बाजूला, जवळजवळ एकाच जागी जमले असतील, तर तुमच्या वर्तुळाचा तळ तुम्हाला सापडला. विस्कटलेले असतील, तर जोर वाढवू नका. पाय पुन्हा रोवा, मूठ पुन्हा धरा. पोरांना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाने टाळ्या दूर गेलेल्या चेंडूसाठी राखून ठेवू नयेत. पहिली शाबासकी या पाय रोवण्याला द्यावी.