जुनं ओबीएम घेताना

2019 च्या महापुरात कोल्हापूर-शिरोळकरांनी रबरी बोटींच्या मागं लटकणारं इंजिन जवळून पाहिलं. तेच आउटबोर्ड मोटर, बचाव पथकांच्या भाषेत ओबीएम. जुनं घेताना रंगावर भुलू नका. खालच्या गिअरपेटीचा स्क्रू सैल करून तेल बघा; दुधाळ असेल तर सील गेलंय, आत पाणी शिरतंय.

मग चालू करायला लावा, पण कोरडं नको! याला रेडिएटर नसतो. तळाशी असलेला रबरी इम्पेलर बाहेरचंच पाणी ओढून इंजिन गार ठेवतो. पाण्याविना फिरला की रबराची वाट लागते. चाचणीसाठी कळंबा तलाव गाठू नका, ते पिण्याचं पाणी आहे. भरलेलं पिंप पुरतं, फक्त पाणी शोषणारी जाळी बुडाली पाहिजे.

पेट्रोल टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, नळीवरचा फुगा घट्ट होईस्तोवर दाबा. गिअर न्यूट्रल, चोक ओढा, दोरीला झटका द्या. पेटल्यावर चोक हळूहळू आत ढकला. बाजूच्या छिद्रातून पाण्याची बारीक धार यायलाच हवी. नाही आली तर लगेच बंद. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, बऱ्याच मॉडेलांत 50 लिटरला 1 लिटर. लूना चालवलेल्यांना हे सांगायला नको.