वायर आधीच दारात

नागपूरच्या कळमन्यासारख्या, शहराच्या टोकावरच्या वस्तीत ब्रॉडबँडची सोपी वाट केबलवाल्याचीच, कारण त्याची वायर टीव्हीसाठी आधीच घरोघरी गेलेली असते. मात्र जुने अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल एकाच दिशेने नेत. परतीचा मार्ग बसवल्याशिवाय त्या वायरीतून इंटरनेट चालत नाही. म्हणून नागपुरात केबल डिजिटल करण्याच्या मार्च २०१३च्या मुदतीने सेट-टॉप बॉक्स आले, तरी तेवढ्याने ब्रॉडबँड आले असे नव्हे. संध्याकाळी वेग पडतो, हा आक्षेप खरा आहे, कारण एका नोडवरची, म्हणजे वस्तीला सिग्नल वाटणाऱ्या एका पेटीवरची, घरे क्षमता वाटून घेतात. पण दोष तंत्राचा नाही, एका नोडवर घरे कोंबणाऱ्याचा (मोबाइलचा टॉवरही वाटूनच वापरावा लागतो). ब्रॉडबँड म्हणवण्याची अटही आता वाढली आहे: केंद्राच्या २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. २०२३पासून किमान २ एमबीपीएस लागतात. तेवढा वेग संध्याकाळीही टिकावा म्हणून जोडणी घेताना नोडवर घरे किती, ते आधी विचारा.