गाडीची सर्व्हिसिंग शोरूमला की मिस्त्रीकडं? वॉरंटी, ऑइल आणि पावतीचा हिशोब समजून घ्या

परभणी : नवी गाडी दारात आली की पहिल्या दोन-तीन सर्व्हिसिंगपर्यंत कुणाला प्रश्न पडत नाही. कंपनीकडून फोन येतो, मालक परभणीला गाडी लावतो, संध्याकाळी धुऊन-पुसून घरी आणतो. प्रश्न पडतो तो फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर. पहिलं मोठं बिल हातात पडतं आणि घरात बोलणं सुरू होतं, एवढ्या पैशात आपल्या फाट्यावरच्या मिस्त्रीनं दोनदा काम केलं असतं.

बोलणं चुकीचं नाही. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणी चाळीसेक किलोमीटर, पालम-सोनपेठवाल्यांना त्याहून लांब. जाण्या-येण्याचं डिझेल, वर एका दिवसाचा खाडा, तोही सोयाबीन काढणीच्या नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसात. मिस्त्री मात्र फोन केला की पाणंद रस्त्यानं शेतात येतो, आणि ‘कापूस गेला की देतो’ हेही ऐकून घेतो. शोरूमच्या काउंटरवर उधारी चालत नाही.

तरी सगळी कामं मिस्त्रीकडं देणं बरोबर नाही, आणि सगळी शोरूमला देणं परवडत नाही. गाडीचं वय किती आणि काम कोणतं, या दोन गोष्टींवर दर वेळी वेगळं ठरवावं लागतं.

आधी ‘फ्री’चा अर्थ. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फ्री असते. ऑइल, फिल्टर, कूलंटचे पैसे द्यावेच लागतात. बिल फुगतं ते मात्र वेगळ्याच ओळींनी. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग, एसीचा स्प्रे, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरियर पॉलिश, अशी कामं जॉब कार्डवर हळूच चढवलेली असतात. यातलं प्रत्येक काम वाईट नसतं, पण दर वेळी लागत नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो. गाडी सोडताना तो तक्ता उघडून दाखवा आणि ‘एवढंच करा, बाकी काही निघालं तर आधी फोन करा’ असं जॉब कार्डवर लिहून घ्या. तोंडी सांगून उपयोग होत नाही. अर्ध्या लोकांचं बिल इथंच कमी होईल.

हात लावला की वॉरंटी गेली?

मिस्त्रीकडं जायला लोक घाबरतात ते या वाक्यामुळं. या विषयावर आपल्या देशात मोठी केस झालेली आहे. २०११ मध्ये एका ग्राहकानं भारतीय स्पर्धा आयोगाकडं होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, त्यामुळं गिऱ्हाइकाला कंपनीच्याच दारात जावं लागतं, ही तक्रार. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं मारुती, महिंद्रा, टाटा, टोयोटा यांच्यासह १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात विका, बाहेरच्या गॅरेजना तपासणीची साधनं मिळू द्या, असं सांगितलं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानं जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असंही त्यात होतं.

कंपन्या अपिलात गेल्या आणि कोर्टकचेऱ्या बरीच वर्षं चालल्या. त्यामुळं हा निकाल मोबाइलवर दाखवला की काउंटरवरचा माणूस मुकाट्यानं मान्य करील, अशा भ्रमात राहू नये. हा झगडा एकट्या भारतातला नाही. अमेरिकेत ट्रॅक्टर दुरुस्तीच्या याच प्रश्नावरून तिथल्या सरकारी व्यापार आयोगानं जानेवारी २०२५ मध्ये जॉन डिअर कंपनीवर दावा लावला. हजार एकरवाला शेतकरीही तिथं कंपनीच्या सॉफ्टवेअरपुढं अडतो.

व्यवहारात करायचं असं, की वॉरंटी चालू आहे तोवर पुस्तकातली ठरलेली सर्व्हिसिंग कंपनीकडंच करावी. जुलै २०२४ पासून मारुतीनं नव्या गाड्यांची वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली आहे, जे आधी होईल ते. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं एक काम निघालं तरी सगळ्या सर्व्हिसिंगचा खर्च वसूल होतो. पंक्चर, धुलाई, वायपर, बल्ब, टायर अलाइनमेंट मात्र बाहेर करायला काही अडचण नाही. पैसे देऊन वाढीव वॉरंटी घेतली असेल तर तिच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचूनच बाहेर जा.

आपल्याकडं वॉरंटी जाते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणानं. नवी गाडी आणली की आठ दिवसात मोठा हॉर्न, एलईडीची पट्टी, टेप असं बसवायचं आणि त्यासाठी कंपनीची वायर कापायची. पुढं वायरिंगमध्ये बिघाड झाला तर कंपनी हात वर करते, आणि कापलेली वायर समोर असल्यावर भांडायला जागा राहत नाही. वायर न कापता कपलरनं जोडता येणारं सामान मिळतं, थोडं महाग पडतं एवढंच.

ऑइलमध्ये काटकसर नको

वॉरंटी संपली की मिस्त्रीचा मार्ग मोकळा. ब्रेक, क्लच प्लेट, सस्पेन्शन, रेडिएटर, ग्रीसिंग या कामात कमांडर, मार्शल, सुमोच्या काळापासून हात बसलेले मिस्त्री आपल्या तालुक्यात आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून काम करून घेता येतं, हा मोठा फायदा. शोरूममध्ये गाडी काचेच्या आड जाते.

पण एप्रिल २०२० पासून गाड्या बीएस-६ झाल्या आणि इथं जुनी सवय नडते. या डिझेल गाड्यांपैकी बहुतेकींच्या सायलेन्सरच्या लाइनीत धुरातली काजळी पकडणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी गरम झाल्यावर जळून जाते. पण इंजिनात जाळलेल्या ऑइलची राख जळत नाही, ती जाळीत साचत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. बॅरलमधलं सुटं ऑइल टाकून वाचवलेले हजार-पाचशे पुढं जाळीच्या खर्चात कितीतरी पटीनं जातात. शक्यतो ऑइलचा सीलबंद डबा आपणच विकत न्यावा, समोर फोडायला लावावा. गाडी फक्त गाव ते फाटा अशी फिरत असेल तर जाळी जळायला पुरेशी गरम होत नाही. मीटरवर तिचा दिवा लागला तर बंद पडायची वाट न बघता हायवेला एका चालीत पंधरा-वीस मिनिटं पळवावी. तरीही दिवा गेला नाही तर शोरूम.

एअर फिल्टरचं उलटं आहे. पुस्तकात धुळीच्या रस्त्यासाठी वेगळा, लवकर बदलायचा हिशोब दिलेला असतो आणि आपल्या कच्च्या रस्त्यांना तोच लागू होतो. हे काम घरीही होतं.

सुट्या भागांत ‘कंपनीचं’ आणि ‘डुप्लिकेट’ अशा दोनच जाती आहेत, असं समजू नका. गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांचा माल त्यांच्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातही दुकानात मिळतो, आणि बऱ्याचदा स्वस्त. जुने मिस्त्री आजही ‘मायको’ मागतात. ती कंपनी २००८ पासून बॉश या नावानं ओळखली जाते. खोक्यावर पार्ट नंबर, एमआरपी, बनवल्याची तारीख नसेल तर तो भाग घेऊ नये. ब्रेक आणि स्टेअरिंगच्या भागात तर अजिबात नाही. आणखी एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. कुणी जुन्या २८ टक्क्यांनं बिल लावत असेल तर विचारा.

एअरबॅग, एबीएस, इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ही कामं गाडी कितीही जुनी असली तरी कंपनीकडंच. कंपनीनं गाड्या परत बोलावल्या असतील तर तेही. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीनं एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याच्या शक्यतेवरून १७,३६२ गाड्या परत बोलावल्या, त्यात आपल्याकडं गावोगाव दिसणारी ईकोही होती. असं काम फुकट होतं. पण निरोप जातो तो कंपनीकडं नोंद असलेल्या नंबरवर, म्हणजे बऱ्याचदा पहिल्या मालकाला. सेकंड हँड गाडी घेतलेल्यांनी कंपनीच्या वेबसाइटवर आरसीवरचा चेसिस नंबर टाकून एकदा बघून घ्यावं. एअरबॅग उघडणार की नाही, हे वेळ आल्यावर कळून उपयोग नाही.

अपघाताच्या कामात गाडी ओढून थेट मिस्त्रीकडं नेऊन खोलू नका. विमा कंपनीला आधी कळवा, फोटो काढा, त्यांची पाहणी होऊ द्या. कॅशलेस सोय त्यांच्या यादीतल्या गॅरेजलाच मिळते. बाहेर केलं तर आधी पैसे भरून नंतर दावा, आणि त्याला पक्कं बिल लागतं.

पावतीशिवाय पैसे नाही

‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील’ हे ऐकायला गोड आहे. आठ दिवसांनी तीच क्लच प्लेट पुन्हा गेली तर हातात काय? ज्यांची उलाढाल छोटी आहे त्या मिस्त्रींना जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही, पण साधी पावती तेही देऊ शकतात. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती घेतले, एवढं पुरे. काढलेला जुना भागही मागून घ्या, शोरूम असो की मिस्त्री. गाडी विकताना याच पावत्यांवर भाव ठरतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे. काम खराब झालं, न केलेल्या कामाचे पैसे लावले, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथं मिटलं नाही तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील न लावता स्वतःही बाजू मांडता येते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवून भाडं मारणाराही या कायद्यात ग्राहकच धरला जातो, त्यामुळं ‘तुमची गाडी धंद्याची आहे’ असं सांगून कुणी परत पाठवलं तर तेवढ्यावर माघारी येऊ नये.