जुना पुर्जा

धाराशिवहून तुळजापूरकडे जाणारा रस्ता गावाची शेवटची घरे मागे टाकून माळावर मोकळा होतो न होतो तोच, उजव्या अंगाला एका लिंबाच्या आश्रयाने उभे केलेले पत्र्याचे छप्पर, त्याखाली वंगण पिऊन काळीभोर झालेली जमीन, विटांच्या थरावर तोललेली बिनचाकांची जीप आणि मधोमध माणसाला उभ्याने काम करता येईल एवढा खोल खड्डा, असा संसार दृष्टीस पडतो. ज्याची गाडी ठणठणीत आहे तो प्रवासी त्याकडे ढुंकूनही न पाहता पुढे जातो. ज्याची गाडी कुरकुरते आहे त्याला मात्र देवीच्या आधी या पत्र्याचेच दर्शन हवेसे वाटू लागते. पाटीवर काही तरी नाव आहे, पण 'उस्तादांचे गॅरेज' एवढ्यानेच सर्वांचे भागते. उस्तादांचे खरे नाव सांगण्याचे प्रयोजन मलाही वाटत नाही. कारण उमरग्यापासून परंड्यापर्यंत हमरस्त्यांच्या कडेने पसरलेल्या एका पेशाचा हा परिचय आहे, आणि उस्ताद हे त्याचे मला जवळून पाहता आलेले एक रूप आहे.

या पेशाने येथे मूळ धरले त्याला भूगोलाइतकाच इतिहासही कारण झाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातुरास पोहोचली ती येडशीवरून; जिल्ह्याचे ठाणे बाजूलाच राहिले, आणि ब्रॉडगेजच्या निमित्ताने रूळ शहरापर्यंत यावयास एकविसावे शतक उजाडावे लागले. जेथे आगगाडी नाही तेथे मोटारीवाचून गत्यंतर नाही. हा मुलूख ज्या निजामाच्या अमलाखाली होता त्याच्या संस्थानात सरकारी मोटारवाहतूक १९३२ सालीच २७ बसगाड्यांनिशी सुरू झाली होती. मुंबई इलाख्यातील पहिली एस.टी. पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. पुढे संस्थान गेले, १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, कचेऱ्यांतील दप्तरांची भाषा पालटली. पण गॅरेजची भाषा जिथल्या तिथे राहिली. उस्ताद, शागीर्द, पुर्जा ही एका राजवटीची ठेव. क्लच, टॅपेट, गॅस्केट ही दुसरीची. आणि कमानपाटा, पक्कड, वंगण ही या मातीची. कोणत्याही भाषाशुद्धीच्या चळवळीला दाद न देता ही तिन्ही बिऱ्हाडे एका पत्र्याखाली सुखाने नांदतात.

वंगण हा शब्द तर मोटारीहून कितीतरी जुना. मोटारीच्या आधी येथे बैलगाडी होती आणि उस्तादांच्या आधी लोहार होता. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना तो ती भट्टीत लाल करी, फुगलेली धाव चाकावर ठोकून बसवी आणि वर पाणी ओती, की थंड होऊन आक्रसणारे लोखंड लाकडाला कायमची मिठी मारी. आज उस्ताद इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दातेरी कडे चढवितात तेही असेच तापवून. फरक इतकाच, की थंड करण्याची घाई ते करीत नाहीत, वाट पाहतात. मोबदल्याची रीतही फारशी बदललेली नाही. लोहाराला बलुते सुगीत मिळे. उस्तादांच्या उधारीच्या वहीतही 'सोयाबीन विकल्यावर' या मुदतीची खाती पुष्कळ आहेत, आणि पाऊस रुसला की ती मुदत पुढल्या सालावर जाते. मात्र बलुतेदाराची विद्या जन्माने मिळत असे व जन्मानेच अडवून ठेवीत असे. या खड्ड्यात उतरण्यास अशी कोणतीही वतनाची सनद लागत नाही. कोणत्याही आळीतला, कोणत्याही घरातला मुलगा येतो, वर्षभर नुसते पाने पुसतो आणि मग हळूहळू त्याच्या हाताला आकडे कळू लागतात: डोळे मिटूनही दहा-अकराचा पाना कोणता आणि बारा-तेराचा कोणता हे तो सांगू शकतो.

गाडी दारात आली म्हणजे उस्ताद हत्याराला हात लावीत नाहीत. त्यांची रीत जुन्या काळच्या एखाद्या चौकस अंमलदाराची आहे. प्रथम मालकाची जबानी: आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, चढाला की उताराला, नुकताच कोणाच्या हाताखालून ती गेली आहे काय. ही जबानी बहुधा अर्धवट असते हे गृहीत धरूनच ते धुराची साक्ष काढतात. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही, निळसर म्हणजे ऑईल जळते आहे, पांढरा आणि हटता हटत नसेल तर पाणी आत शिरले आहे. अखेरीस लांब दांड्याच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ ते कानाशी धरतात आणि क्षणभर रस्त्यावरची सारी वाहतूक जणू त्यांच्यापुरती थांबते. उतावीळ शागीर्द तेवढ्यात बोल्टला पाना लावू लागला तर त्यांचे एकच वाक्य येते: "पाना ठेव खाली. ती काय म्हणायलीय ते ऐक आधी."

या पेशाचे मर्म मला ज्या दिवशी उमगले तो प्रसंग बारा वर्षांपूर्वीचा. दहावी करून आलेला एक मुलगा एका जीपचे हेड बसवीत होता. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या अंगाला, आणि तेही एकदम न आवळता दोन-तीन फेऱ्यांत आवळावे लागतात; एकच बाजू आधी दाबली तर हेडला बाक येतो आणि गॅस्केट उडते. मुलाने सारे यथासांग केले, वरची जुळणीही पुरी केली, इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झाले. आणि भांड्यातल्या रॉकेलच्या तळाशी एक वायसर उरलेला दिसला. त्या वायसरावाचून ती जीप कदाचित वर्षभर धावली असती. मालक चहा पिऊन परतण्याच्या घाईत होता. उस्तादांनी इंजिन बंद केले, न रागावता मुलाला शेजारी बसविले आणि जोडलेले सारे पुन्हा उघडले. दोन तास गेले, दिवे लागले. मालकाला यातले काहीच कळले नसते, मग एवढा खटाटोप कशाला, असे मी नंतर विचारले, तेव्हा हात पुसता पुसता ते म्हणाले, "मालकाला दिसणार न्हाई, गुरुजी. पण पोराला दिसलंय की."

शिंप्याने बिघडविलेली कॉलर आरशात दिसते, आचाऱ्याने विसरलेले मीठ जिभेला कळते; परंतु मोटारीच्या पोटात काय केले आणि काय केले नाही, हे पैसे मोजणाऱ्याला कधीच पाहता येत नाही. मी स्वतः एकदा दूरच्या एका शहरात याचा अनुभव घेतला आहे. माझ्या जुन्या छोट्या मोटारीचा क्लच घसरत होता. तेथील मिस्त्रीने प्लेट गेली म्हणून सांगितले, नवी घातली आणि मोठी रक्कम वसूल केली. महिन्याभराने पुन्हा तेच. उस्तादांनी पेडल दोन बोटांनी दाबून पाहिले, केबलीचा नट काही फेरे फिरविला, पेडलाला हवी तेवढी मोकळीक दिली, आणि गाडी घाट चढू लागली. पहिली प्लेट खरोखर गेली होती की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. कारण ती मला कोणी दाखविली नव्हती. उस्तादांच्या गॅरेजात दाखविण्याचा दस्तूर आहे. बदललेला प्रत्येक पुर्जा, मग ते घासून कागदासारखे झालेले ब्रेकचे लायनर असो की खड्डे पडलेले बेअरिंग, जुन्या वर्तमानपत्रात बांधून गिऱ्हाइकाच्या हाती दिला जातो. त्या पुरचुंडीला बाजारात मोल भंगाराचे असते. येथे तिला पंचनाम्याचे असते.

खंडेनवमीला सारी हत्यारे रॉकेलने धुऊन, कोऱ्या फडक्यावर मांडून झेंडूच्या फुलांखाली ठेवतात. त्या दिवशी पान्याला हात लावू नये हा संकेत. परंतु त्याच दिवसांत सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसांनी गच्च भरलेल्या गाड्या तुळजापूरला लोटतात, घाटात तापतात, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये हे ऐकून न घेणारा एखादा भाविक हात भाजून घेतो. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पलंगावर निजते ती अश्विनी पौर्णिमेपर्यंत. त्या निद्रेला श्रमनिद्रा म्हणतात. उस्ताद दरवर्षी पूजेतला एकच पाना देवीची क्षमा मागून उचलतात, आणि निद्रा देवीवर सोपवून श्रम तेवढे स्वतःकडे ठेवतात.

अलीकडे खड्ड्याशेजारच्या फळीवर एक स्कॅनर आला आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यांच्या इंजिनाचा कारभार संगणकाच्या आणि सेन्सरांच्या हाती आहे. गाडीला वायर जोडली की पडद्यावर दोषाचा आकडा उमटतो. उस्तादांना या यंत्राचा राग नाही. आणखी एक साक्षीदार वाढला, असे ते मानतात. तक्रार कोणत्या सेन्सराची हे आकडा सांगतो. सेन्सर मेला आहे की उंदराने त्याची वायर कुरतडली आहे, हे तपासण्याचे काम माणसाकडेच उरते. मात्र यामुळे त्यांच्या जुन्या दस्तुरावर एक विलक्षण संकट ओढवले आहे. झिजलेले लायनर स्वतःच बोलते. मेलेला सेन्सर आणि जिवंत सेन्सर दिसावयास अगदी सारखे. त्याच्यावर ना झीज, ना डाग, ना ओरखडा.

गेल्या महिन्यात माझ्या मोटारीचा असाच एक सेन्सर बदलला. बारा वर्षांपूर्वी ज्याच्या भांड्यात वायसर उरला होता, तोच आता स्कॅनर चालवितो. त्याने आधी वायर तपासली, मग नवा पुर्जा बसविला, आणि मला काही विचारण्याआधीच बोटभर लांबीचा तो काळा तुकडा वर्तमानपत्रात बांधून माझ्या हातावर ठेवला. मी पैसे दिले, पुरचुंडी खिशात टाकली आणि घरी येऊन तशीच टेबलाच्या खणात ठेवली. ती उघडण्याचे अद्याप मनातही आलेले नाही.